अक्काच्या बेडची नोंद

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. अमावस्येला नवीन चपला घेतल्या आहेत, मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच सॉरी म्हणतो. बायकोच्या मते माझी श्रद्धा फक्त दुपारच्या झोपेवर आहे. तेव्हा पुढचं वाचून कुणी "काका, डॉक्टरला दाखवा" म्हटलं तर राग नाही. मीही तेच म्हटलं असतं.

डोंबिवली पूर्वेला आमचं छोटं दुकान आहे. घरी आजारी माणूस असेल तर हॉस्पिटलसारखा वर-खाली होणारा बेड, हवेची गादी, वॉकर वगैरे आम्ही भाड्याने देतो, ठाण्यापासून कल्याणपर्यंत. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी सुरू केलेलं. ते गेल्यावर मी आणि धाकटा भाऊ शेखर बघतो. फोन माझी बायको सुनीता घेते. कारण मी घेतला की गिऱ्हाइकाने पत्ता सांगायच्या आत मीच अर्धा तास बोललेलो असतो.

अण्णांचा एक नियम होता. वहीत बेड दिल्याची तारीख लिहायची, पण 'परत' हा रकाना कोरा ठेवायचा. बेड दोनच कारणांनी परत येतो... माणूस बरा होतो, नाहीतर जातो. "आधीच तारीख टाकणं म्हणजे माणसाला वेळ ठरवून देणं," अण्णा म्हणायचे. घरून फोन आला की मगच लिहायचं. आणि माणूस गेलेला असेल तर पुढे एक शेरा : 'गादी उन्हात टाकणे.'

वहीत घोळ व्हायचे. एकदा मी एकच बेड कळव्यालाही कबूल केला आणि माजिवड्यालाही. शेखरचं डोकं फिरलं. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्याने आमचे तिन्ही फोन घेतले आणि एकत्र जोडले, 'सिंक' केले म्हणे. वायर नाही, काही नाही. कॉन्टॅक्ट एक, कॅलेंडर एक. एकाने लिहिलं की तिघांना दिसणार. जुनी गिऱ्हाइकं हवीत म्हणून कपाटातला अण्णांचा फोनही चार्ज करून जोडला. काम झाल्यावर त्याची फुगलेली बॅटरी काढून टाकली आणि फोन पुन्हा कपाटात.

पहिला शोध असा लागला, की सुनीताने माझा नंबर 'नंदू बडबड' या नावाने सेव्ह केलेला. आता तो तिन्ही फोनवर तसाच.

"बदल ना ते," मी म्हटलं.

"का? चुकीचं आहे?" सुनीता.

दुसरा शोध आठवड्याने लागला. कॅलेंडरवर नोंद : नौपाड्यातल्या एका आजींचं नाव, बेड परत, मंगळवार, दुपारी बारा. गादी उन्हात टाकणे.

"हे कुणी लिहिलं?" मी ओरडलोच. "आजी जिवंत आहेत अरे!"

"माझ्याकडे काय बघतोस? वही तू लिहायचास. मला तो शेरा माहीतसुद्धा नव्हता," शेखर म्हणाला.

मंगळवारी बाराच्या ठोक्याला आजींच्या मुलाचा फोन आला. आई गेली. बेड घेऊन जा.

योगायोग म्हटलं. मग दुसरी नोंद आली. मग तिसरी. वेळेसकट. बरे होणाऱ्यांच्या बेडची नोंद कधीच यायची नाही, फक्त जाणाऱ्यांची. शेखरने एकदा नोंद उघडून दाखवली. खाली बारीक अक्षरात असतं ना, कुणी तयार केली ते? तिथे होतं : अण्णा. कपाट उघडलं. फोन होता तिथेच, बॅटरीशिवाय, पाठ उघडी. "जुनं खातं आहे, सर्व्हरची गडबड," असं शेखर म्हणाला. मीही मान हलवली. सर्व्हर म्हणजे काय हे मला आजही माहीत नाही.

आता लाज वाटण्यासारखं सांगतो. आम्ही सरावलो. नोंद दिसली की शेखर तो बेड पुढच्या घराला कबूल करून टाकायचा, "शुक्रवारी संध्याकाळी देतो" म्हणून. मी त्याला चार शिव्या घातल्या... आणि त्याच शुक्रवारी टेम्पो घेऊन त्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर चहा पीत थांबलो. वर माणूस शेवटचे श्वास घेतोय आणि खाली मी चहावाल्याला आलं जास्त टाकायला सांगतोय. फोन आला की दहा मिनिटांत दारात. लोक म्हणायचे, "किती तत्पर सर्व्हिस हो तुमची!"

आमच्या घरात एक बेड होता. अक्काचा.

अक्का माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, शेखर तीनचा, ती सतराची. तिने लग्न केलं नाही, आम्हाला वाढवलं. माझ्या बडबडीला ती एकटीच मनापासून हसते. तिच्या मणक्यात कॅन्सर उतरला होता. कूस बदलायची म्हटली तरी तोंडात पदर कोंबायची, पोरांना आवाज जाऊ नये म्हणून. पोरं म्हणजे आम्ही, पन्नाशीचे. एकदा मी तिचे पाय चेपत असताना म्हणाली, "नंदू, आता पुरे रे. खूप झालं." मी विषय बदलला. त्यात मी हुशार आहे.

एका बुधवारी सकाळी अकरा वाजता नोंद आली. अक्का. बेड परत. शुक्रवार, दुपारी चार. गादी उन्हात टाकणे.

मी पुसली. सुनीताच्या फोनवरून परत आली. तिच्याही फोनवरची पुसली, शेखरच्या फोनवरून आली. तिघांनी एक-दोन-तीन म्हणून एकदम पुसली, लहान मुलं खेळतात तशी. मिनिटभराने तिन्ही फोन एकदम वाजले. वार बदलला, पुन्हा शुक्रवार. वेळ बदलली, पुन्हा चार.

"सोड आता," सुनीता डोळे पुसत म्हणाली. "त्यांना तरी सुटू दे."

मी सोडलं नाही. बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि नाव बदललं. अक्का काढून 'प्रधान काका, कळवा' टाकलं.

हाताला आलं ते नाव टाकलं असं म्हणायला मला आवडेल. पण मी कॉन्टॅक्ट वरपासून खालपर्यंत बघितलेले, भाजी निवडतात तसे. याला लहान मुलं आहेत. हिचा नवरा ओळखीचा. प्रधान काकांच्या कॉन्टॅक्टमध्ये दुसरं कुणाचं नाव नव्हतं, म्हणजे एकटे, मागे रडणारं कुणी नाही. खुब्याचं हाड मोडलेलं, पण आता वॉकर घेऊन चालायला लागलेले. आठवड्यापूर्वीच फोनवर म्हणालेले, "पुढच्या महिन्यात तुमचा बेड मीच जिन्यापर्यंत ढकलत आणतो बघा!"

नाव बदललं. थांबलो. एक मिनिट, पाच मिनिटं. नोंद तशीच राहिली. वर हिरवी खूण : सिंक पूर्ण.

शुक्रवारी मी कळव्याला गेलो. त्यांना सावध करायला गेलेलो, असं स्वतःला सांगत होतो. मग टेम्पो का नेला, ते विचारू नका. माझ्याने वर जाववेना. चार वाजून पाच मिनिटांनी शेवटी तीन जिने चढलो आणि बेल वाजवली. दार उघडलं ते एका वाकलेल्या बाईने, प्रधान काकांपेक्षाही म्हाताऱ्या. एक डोळा पांढरा पडलेला.

"बेडवाले का?" त्यांनी माझा शर्ट चाचपून बघितला. "मी त्याची बहीण. आतल्या खोलीत असते. चहा पिता पिता मान टाकली हो त्याने, आत्ताच... तुम्हाला कसं कळलं? मी अजून कुणालाच सांगितलं नाही."

"टेम्पो खाली आहे," मी म्हटलं. 'नंदू बडबड'ला एवढंच सुचलं.

"बेड आज नेऊ नका," त्या म्हणाल्या. "आज रात्री मी झोपते त्यावर. त्याचा वास असेल ना."

अक्का वाचली. डॉक्टर म्हणाले, आश्चर्य आहे. याला दोन वर्षं झाली आणि ते दर महिन्याला तेच म्हणतात. आजार थांबलेला नाही. तो पुढे पुढे जातोच आहे, फक्त ती जात नाही. तिचं वजन आता सहावीतल्या मुलीएवढं आहे. दुखण्याच्या गोळ्या चालेनाशा झाल्या, अंगाला चिकटवायच्या औषधी पट्ट्या चालेनाशा झाल्या. पदर तोंडात धरायलाही ताकद नाही, त्यामुळे आवाज आता सगळ्या मजल्यावर जातो. कॅलेंडरवर त्या शुक्रवारनंतर अण्णांची एकही नोंद आलेली नाही. बाकी बेड येतात, आपापल्या वेळी, न सांगता.

सहा महिन्यांपूर्वी मी तिला सगळं सांगून टाकलं. नोंद, बाथरूम, प्रधान काका, त्यांची बहीण.

"मला विचारायचंस तरी, नंदू," एवढंच म्हणाली.

मग म्हणाली, "लिही आता."

अण्णांचा नियम मी माझ्या हाताने मोडला. अक्का, बेड परत, शुक्रवार, दुपारी चार, गादी उन्हात टाकणे. मिनिटभरात नोंद नाहीशी झाली. माझ्या फोनवरून, सुनीताच्या, शेखरच्याही. शेखरने मग सगळं तोडून पुन्हा जोडून बघितलं. दुसरा फोन आणला. तेच. कॅलेंडरचं काम करणाऱ्या एका माणसाला दाखवलं, तो म्हणाला, "काका, इथे तर कुणी काही लिहिल्याचंच दिसत नाहीये."

तुमच्यापैकी कुणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. मला कळलेलं नाही. एवढंच कळतं, की आता दर गुरुवारी मी अक्काच्या उशाशी बसतो. ती सांगते आणि मी लिहितो. मग दोघं फोनकडे बघत बसतो.

"राहिलं का रे?" ती विचारते.

"नाही अक्का."

"बरं. पुढच्या गुरुवारी बघू," ती म्हणते, आणि मला तिची कूस बदलून द्यायला सांगते.