बैकेंचं फोल्डर

ताझागुल नक्की काय काम करते हे तिच्या आईलाही धड सांगता आलं नसतं. बिश्केकमधल्या एका छोट्या कंपनीत ती नऊ वर्षं जावास्क्रिप्टचे गठ्ठे बांधत होती. कोड लिहिणारे आपल्या सोयीने शेदोनशे बारक्या फाइली करून ठेवतात. ब्राउझरने त्या एकेक करून मागवायच्या म्हटल्या तर पान उघडेपर्यंत माणसाला जांभया येतात. म्हणून नको ते गाळायचं, उरलेलं आवळून बांधायचं आणि एक आटोपशीर गठ्ठा पाठवायचा. दर उन्हाळ्यात घरचा यूर्ट, म्हणजे लोकरीचा तंबू, लॉरीवर चढवून नारिनच्या वरच्या कुरणांवर जाण्यात जिचं बालपण गेलं, तिला ह्यात अवघड काही वाटलं नव्हतं. वर जाऊन जे लागणार नाही ते खालीच राहील, असा आईचा खाक्या होता.

अवघड होती ती ऑफिसातली माणसं. चौतिशी उलटली तरी तिथे तीच सगळ्यांत धाकटी, त्यामुळे चहाचे पेले भरणंही तिच्याच गळ्यात. आणि सगळ्यांत थोरले काचकिनबाय बैके. थोरल्या भावासारखे, म्हणून सगळे त्यांना बैके म्हणत. नोकरी सोडून ते तलावाकाठच्या जर्दाळूच्या बागेत रमले, त्याला दोन वर्षं झाली होती. तरी त्यांची दारासमोरची मानाची खुर्ची कुणी हलवली नव्हती, आणि त्यांच्या कोडचंही तेच. त्यांचं एक फोल्डर होतं, देशातल्या प्रत्येक गावाचं नाव आणि हद्दीच्या रेषा असलेलं. गठ्ठा बांधणारं साधन बिनकामाचं सामान आपोआप गाळतं. पण ह्या फोल्डरवर बैकेंनी ‘हात लावू नये’ अशी सूचना लिहून ठेवली होती. मग काय, प्रत्येक नव्या कामात ते फोल्डर जावयासारखं येऊन बसे.

त्या उन्हाळ्यात कंपनीने कुरणावर गुरांचा डॉक्टर बोलावण्यासाठी एक पान केलं. तीन खोऱ्यांना मिळून एकच डॉक्टर. यादीत नाव असेल तिथेच, नाव आलं की लगेच, त्याची गाडी जाणार, आणि यादी शुक्रवारी दुपारी बारा वाजता बंद होणार. फॉर्म कुरणावरूनच भरायचा, जागा फोन स्वतःच कळवतो. शहरात बसून लोक भलतीच कुरणं भरतील म्हणून हा नियम ताझागुलनेच घातला होता.

गुरुवारी सकाळी आईचा, बुरमाकानचा, फोन आला. कुरणावर रेंज फक्त एका टेकडीवर, आणि तिथे जायला घोड्यावरून अर्धा तास.

“तुझं ते पान उघडतच नाही गं. काल फोनची बॅटरी संपेपर्यंत हात वर करून उभी होते. लोकांना वाटलं, म्हातारी पाऊस मागतेय.”

“घोडी कशी आहे, आपा?” ताझागुलने आईला विचारलं.

“गळा सुजलाय. पाणीसुद्धा गिळत नाही. शिंगरू दुधासाठी ढुशा देतंय, ती नुसती उभी. उद्या अकराला परत येते टेकडीवर. तेवढं कर काहीतरी.”

ताझागुलने गठ्ठा उघडून बघितला. चार एमबी, आणि त्यातला साडेतीनहून जास्त भाग बैकेंचा. जागा फोन कळवत असताना त्या गावांच्या यादीला कुणी विचारतसुद्धा नव्हतं. ती तडक बुरुल एजेंकडे गेली. ऑफिस त्याच चालवत; थोरल्या बहिणीसारख्या, म्हणून सगळ्यांच्या एजे.

“माझ्या फोनवर तर टिचकी मारताच उघडतं,” एजे म्हणाल्या.

“एजे, वायफाय तुमच्या डोक्यावर टांगलंय! टेकडीवर कुठून आणायचं ते?”

“अगं, पण बैकेंचं काढायचं? पुढच्या महिन्यात त्यांना त्रेसष्ट पूर्ण होतायत, मेंढा कापायचाय. तेव्हा जेवणानंतर मी हळूच विषय काढेन.”

“तोवर घोडी थांबेल का?”

“फाजीलपणा करू नकोस. आणि चहा बघ.”

तिने चहा बघितला. डोकं भणभणलं होतं, पण पेले भरले. मग दिवसभर बसून तिने चित्रं हलकी केली, अक्षरांचे नमुने कमी केले, इकडचे चार केबी, तिकडचे सहा केबी खरवडले. हत्ती अंगणात ठेवून ती मुंग्या झाडत होती, आणि हे तिचं तिलाच दिसत होतं म्हणून चिडचिड आणखीच वाढत होती.

शुक्रवारी पावणेअकराला तिचा धीर सुटला. तिने सरळ बैकेंनाच फोन लावला. थोरल्या माणसाला असं विचारायचं नसतं, म्हणून आधी प्रकृती विचारली, जर्दाळू विचारले, सुना-नातवंडं विचारली, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

“या अल्ला! ते अजून तिथेच आहे?” बैके हसायलाच लागले. “आठवडाभराच्या चाचणीसाठी टाकलं होतं, पोरी. काढायचं विसरलो. ती सूचनाही माझी मलाच होती. इतक्या दिवसांत कुणी विचारलं कसं नाही?”

“तुमचा मान, बैके…”

“माझा मान फाइलीत कधीपासून ठेवायला लागलात? टाक काढून.”

काढायला चार मिनिटं लागली. नवा गठ्ठा तीनशे केबीचा झाला.

सव्वाअकराला आई फोनवर ओरडतच बोलली. “उघडलं गं! हात वर करायच्या आत उघडलं!”

“भरलंस?”

“भरलं. शेजारच्या तिलेबाल्दीच्या दोन घोड्या घातल्या. त्यांचेही गळे धरलेत.”

“आणि आपली?”

आईचा आवाज खाली आला. “आपली आज पहाटे गेली. शिंगराला गाईचं दूध पाजून बघतेय. म्हटलं, तू एवढी धडपडतेयस, तर निदान दुसऱ्याच्या तरी वाचू देत.”

फोन ठेवला तेव्हा बुरुल एजे शेजारी येऊन उभ्या होत्या. “बैकेंना विचारलंस म्हणे?” त्या कुजबुजल्या. “रागावले का गं?”

“नाही,” ताझागुल म्हणाली. “हसले.”

बैकेंचा नंबर नऊ वर्षं तिच्या फोनमध्ये होता. कालही होता.