ओडेसाबाईंच्या दारातून उपाशी

ओडेसाबाई प्रुइट यांच्याकडे रविवारी जेवायला बसलेल्या माणसाला ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. बाई सैन्यात वीस वर्षं स्वयंपाकी होत्या आणि सार्जंट होऊन निवृत्त झाल्या. अमेरिकेच्या दक्षिणेत भावाकडे जायचं सोडून त्यांनी नदीकाठच्या या गावात, लष्करी अकादमीच्या फाटकाखालच्या उतारावरच घर घेतलं. अकादमीत शिकणाऱ्या प्रत्येकाला रविवारपुरतं गावातलं एक घर मिळतं. बाकीच्या बायका शांत, अभ्यासू पोरं मागून घेत. ओडेसाबाई मात्र स्पष्ट सांगायच्या, “मला फुटबॉलवाल्यांची पुढची फळी द्या. खाणारी पोरं द्या.”

इथला फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू छातीशी धरून समोरच्यांना रेटत पुढे घुसायचं. पळणाऱ्याचा फोटो पेपरात छापून येतो आणि त्याला वाट करून देणारी फळी बिचारी चिखलात लोळते. मोठमोठ्या कॉलेजांच्या रेड्यांना थोपवायचं तर अंगात वजन हवं. गोम इथेच आहे. डिसेंबरपर्यंत संघाला ही पोरं अगडबंब हवीत आणि शेवटच्या वर्षी, मे महिन्यात, सैन्याला तीच पोरं काटक हवीत. वजन उतरलं नाही तर अधिकारी होणं विसरायचं, मग मैदानात कितीही हाडं मोडून घेतलेली असोत.

वेंडेल कोवाच ओहायोतून आला तेव्हा नुसता उंच, किडकिडीत होता. पहिल्याच रविवारी त्याने मांसाचा एकच तुकडा घेऊन ताट मागे ओढलं, तशा बाई कडाडल्या, “अरे, चिमणी आहेस का तू? ताट पुढे कर!”

“हो, मिस ओडेसा.”

चार वर्षं त्या टेबलाशी तो एवढंच बोलला म्हणा ना! ग्रेव्ही वाढली, हो. मक्याचा पाव वाढला, हो. चीज घातलेली मॅकरोनी, वर पीचचा ‘पाय’, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, त्यालाही हो. चौथ्या वर्षी तो फळीच्या मधोमध उभा राहिला की दार लावून घेतल्यासारखं वाटायचं.

आणि काय खेळली पोरं त्या वर्षी! सप्टेंबरात ज्यांनी यांना हसण्यावारी नेलं, ते मान खाली घालून परत गेले. मग दर शनिवारी तेच. पाऊस असो, बर्फ असो, आपली पोरं घुसायची ती घुसायचीच. गावातला कसाई दुकानातून ओरडायचा, “सार्जंट, ही सगळी तुमच्या ग्रेव्हीची करामत!”

“मग? तुला काय वाटलं, त्या प्रशिक्षकाची?” बाई असा काही भाव खायच्या की विचारू नका.

डिसेंबरात जुन्या वैऱ्यांशी, आरमाराच्या अकादमीशी सामना झाला. तो संपला की दोन्ही संघ एकत्र उभे राहून आधी हरलेल्यांचं गाणं म्हणतात, मग जिंकलेल्यांचं. आपलं गाणं दुसरं व्हावं म्हणून ही पोरं वर्षभर जिवाचं रान करतात. त्या दिवशी दुसरं गाणं आपलं झालं. बोचऱ्या थंडीत ओडेसाबाई लहान मुलासारख्या रडल्या.

एवढं जिंकलं म्हणून वर्षाच्या शेवटी आणखी एका मोठ्या सामन्याचं बोलावणं आलं. तोही जिंकला. पण वजन उतरवायचा एक महिना त्यात गेला आणि वेंडेलचा घोटा दुखावला तो वेगळाच. पळणं बंद. बरोबरीची पोरं सुकत चालली आणि हा होता तेवढाच राहिला.

“मला रणगाड्यांची तुकडी मिळालीय,” एकदा तो ताटाकडे बघत म्हणाला. “पण मेपर्यंत साठ पौंड उतरले नाहीत, तर...”

“उतरतील रे! आधी खा. उपाशी पोटी कुणाचं भलं झालंय?”

“हो, मिस ओडेसा.”

मार्चमधल्या एका रविवारी जेवण झाल्यावर तो कचरा टाकायला म्हणून बाहेर गेला, तो येईचना. बाई त्याच्यासाठी उरलेल्या पीच-पायचा डबा बांधून मागच्या दाराने गेल्या. शेडमागे वेंडेल भिंतीला टेकून, घशात बोटं घालून ओकत होता.

“वेंडेल! कधीपासून चाललंय हे?”

तो दचकला. “जानेवारीपासून. आठवडाभर अकादमीत कोबी खातो, मिस ओडेसा. पण रविवारी इथे...”

“अरे, मग तोंड आहे ना तुला? नको म्हणायचं!”

“तुम्हाला कसं म्हणू?” त्याने बाहीने तोंड पुसलं. “एवढ्या मायेने करता. तुमचं मन मोडवत नाही मला.”

बाई शेडच्या पायरीवर बसल्या. डबा मांडीवर धरला.

“वाळवंटातल्या लढाईत होते मी,” त्या म्हणाल्या. “एका पहाटे हुकूम लवकर आला आणि नाश्ता व्हायच्या आत गाड्या हलल्या. अंडी तव्यावर तशीच राहिली. त्यातली तीन पोरं परत आली नाहीत. उपाशी गेली रे माझी पोरं! तेव्हापासून माझ्या दारातून कुणी रिकाम्या पोटी गेलेलं मला बघवत नाही.” त्यांनी डबा बाजूला सारला. “पण ते माझं दुखणं आहे. तुझ्या ताटात वाढायला नको होतं मी.”

पुढच्या रविवारी ओव्हन थंड होता. उकडलेला कोबी आणि कोंबडीचा तुकडा. बाईंनीही तेच खाल्लं, तोंड वाकडं करत. मग दोघं गावामागची टेकडी चढायला निघाले. याचा घोटा लंगडा, त्यांचा गुडघा लंगडा.

मग दर रविवारी तेच. “आणखी कोबी घे,” बाई म्हणायच्या.

“हो, मिस ओडेसा.”

“कर्म माझं! पीचच्या पायलाही हो आणि कोबीलाही हो! उद्या पलटणीपुढे उभा राहिलास की ‘नाही’ म्हणणार कसा?”

तो नुसता हसायचा. पण एप्रिल संपता संपता त्याच्या गालांची हाडं दिसायला लागली. वजनाच्या दिवशी बाई सकाळपासून पायरीवर बसून होत्या. तो फाटकातून उतरताना दिसला आणि त्याने लांबूनच दोन्ही हात वर केले. काठावर का होईना, वजन मर्यादेत बसलं होतं.

पदवीच्या दिवशी नवा अधिकारी पहिला सलाम खालच्या हुद्द्याच्या एखाद्या सैनिकाकडून घेतो आणि त्याच्या हातात चांदीचा डॉलर ठेवतो. कुणी त्यासाठी आजोबांना बोलावतं, कुणी वडिलांना. वेंडेलने ओडेसाबाईंना बोलावलं. जुन्या गणवेशाची बटणं काही लागेनात, तरी त्या ताठ उभ्या राहिल्या आणि कडक सलाम ठोकला. त्याने डॉलर त्यांच्या हातात ठेवला आणि त्यांची मूठ मिटून घट्ट धरली.

त्याला न्यायला आलेले आईवडील गाडीत बसले होते. ओहायो लांब.

“घरी पीचचा पाय केलाय रे,” सवयीने बाईंच्या तोंडून गेलंच. “सकाळपासून काही खाल्लंयस का?”

“नाही.”

“मग घासभर खाऊन जा.”

वेंडेलने गाडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“नको, मिस ओडेसा,” तो शांतपणे म्हणाला. “आता निघायला हवं.”

आणखी एक पोरगा त्यांच्या दारावरून उपाशी निघाला होता. पण त्यांनी टाचा जुळवल्या आणि हात पुन्हा कपाळाशी नेला.

“येस, सर.”

गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.