टेम्पोचा विमा आणि गावचं गाऱ्हाणं

मला टेम्पोवाल्याने फसवलं नाही. त्याने फक्त माझा गुडघा मोडला. फसवलं ते आमच्या गावच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, आणि तेही देवाच्या फोटोसमोर नारळ ठेवून. टेम्पो त्यांच्या भाच्याचा होता एवढं सांगितलं की निम्मी गोष्ट कळते. उरलेली निम्मी मी इथे लिहितो आहे, कारण मंडळात ती कोणी ऐकून घेत नाही.

माझा धंदा जुन्या लाकडाचा. गिरगाव, परळ, लालबाग, कुठेही चाळ पाडायला काढली की मी तिथे पोचतो. दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे, तुळया. जुना साग आता वखारीत मिळत नाही, चाळीत मिळतो. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात विकण्यासारखं काही नव्हतं. मी शेजारच्या चाळीतलं एक फेकून दिलेलं दार उचललं, घासूनपुसून दुसऱ्याला विकलं आणि तिथून हे सगळं उभं केलं. या धंद्याला तोंड लागतं आणि पाय लागतात. तोंडाने भाव पाडायचा, पायाने चौथा मजला गाठायचा. लाकूड मोबाईलच्या फोटोत बघून घेता येत नाही. वर जाऊन बोटाने ठोकून आवाज ऐकावा लागतो, वाळवी आतून खाते. पहिला आकडा मी कधीच बोलत नाही आणि हातात काही पडल्याशिवाय जागचा हलत नाही. सगळ्या बाजाराला हे माहीत आहे.

त्या दिवशी शीवहून मोटरसायकलने परळला येत होतो. डोक्यावर हेल्मेट, पट्टा लावलेला. हे मुद्दाम लिहितो, पुढे लागणार आहे. पुलाखाली टेम्पो माझ्या डाव्या बाजूने चालला होता, तो एकदम उजवीकडे वळला. हात नाही, लाईट नाही, काही नाही. गाडी एकीकडे, मी एकीकडे आणि गुडघा तिसरीकडेच. ड्रायव्हर खाली उडी मारून आला आणि माझं तोंड बघून पांढरा पडला.

"आयचा घो! दादा, तू?"

आमच्याच गावचा, अध्यक्षांचा भाचा. गर्दीतला एक जण पोलिसांना फोन लावत होता. भाच्याने त्याला हात जोडले, "भाऊ, घरातलाच माणूस आहे," म्हणाला आणि मामाला फोन केला. मामा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, आम्हा गाववाल्यांचे काका. ते टॅक्सी करून आले. मला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये घातलं.

स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मी ऐकलं, काउंटरवर काका सांगत होते, "रस्त्यावर रेती होती हो. गाडी घसरली."

"काका, घसरली नाही. ठोकली."

"गप ऱ्हव रे झिला," काका माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. "ठोकली म्हटलंस तर पोलीस येतले, ऑपरेशन रखडतला. आधी पाय बघूया."

गुडघ्यात अशी आग पेटली होती की मला ते पटलं. शिवाय सांगणारे काका होते. त्यांची सगळी नोकरी एका विमा कंपनीत, क्लेमच्या टेबलावर झालेली. गावात कोणाचंही काही झालं की कागद घेऊन माणसं त्यांच्याकडेच जात. मीही जायचो.

आमच्या गावची एक खोली लालबागमध्ये आहे. एके काळी गावाहून आलेले गिरणी कामगार तिथे पाळीपाळीने झोपत. आता तिथे जेवणावळीची भांडी असतात, भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो असतो आणि दर महिन्याला मंडळ भरतं. गावच्या माणसांची भांडणं त्याच खोलीत मिटतात, पोलिसांत जात नाहीत. जो गेला तो वाळीत पडला असं कोणी बोलत नाही, पण त्याच्या घरच्या लग्नाला भांडी मिळत नाहीत.

नर्सिंग होममधून सुटल्यावर प्लास्टरमधला पाय लांब करून मला त्या खोलीत खुर्चीत बसवलं. भाचा खाली मान घालून कोपऱ्यात. काकांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी दोन लेकरां तुझ्या पायाशी इली हत. एकाच्या हातसून चूक झाली, दुसऱ्याक दुखापत झाली. जो चुकलो तो दुसऱ्याचो सगळो खर्च भरून देतलो. आणि दुसरो गावचो मान राखून खंय बाहेर जावचो नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली गरजली. मीही म्हणालो. लहानपणापासून गाऱ्हाण्याला एवढंच म्हणायचं शिकलोय. त्या आवाजात गप्प बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मी घरी आल्यावर बायको म्हणाली, "आकडा किती ठरला?"

"तो भरून देणार आहे."

"गिऱ्हाईक असं बोललं तर तू त्याला दारात उभं करतोस का? तुझं डोकं आपटलंय की गुडघा?"

मी तिच्यावर ओरडलो. तिने विचारणं मात्र सोडलं नाही.

पुढे काय झालं ते कोणीही ओळखेल. गणपती होऊ दे. मग दिवाळी तोंडावर आली. मग टेम्पोचा हप्ता. मग भाच्याची बायको माहेरी. काका दर वेळी प्रेमाने बोलायचे, "तू बरो हो, मगे बघूया." मला राग यायचा आणि खोलीतलं ते "व्हय म्हाराजा" आठवून मी तो गिळायचो.

मग गिरगावात एक चाळ पाडायला निघाली. वरच्या मजल्यावर सागाची नक्षीदार दारं आहेत असं कळलं. मी काठी घेऊन गेलो. पहिल्या जिन्यावर गुडघा लॉक झाला. कठड्याला धरून उभा होतो, तेवढ्यात माझा जुना स्पर्धक शिट्टी वाजवत वर चढून गेला. उतरताना माझ्यापाशी थांबला. "शेट, तुम्ही आता खालूनच भाव करा. वरचं मी बघतो." हसून गेला. मला आयुष्यात इतकी शिवी हासडावीशी कधी वाटली नव्हती. काठी टेकत जिना उतरलो.

त्याच दिवशी मी वकीलबाईंकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टेम्पोला विमा होता का?" मी म्हणालो, असणारच, मामा विम्यातलाच. त्यांनी गाडीच्या नंबरवरून काढलं. नव्हता. अपघाताच्या कितीतरी आधी संपलेला, पुन्हा काढलाच नव्हता. दुसरा प्रश्न, "अपघाताला किती महिने झाले?" मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "कायद्यात आता सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा असतो. तुमचे उलटून गेले."

तेव्हा मला सगळा हिशेब कळला. विमा नसलेला टेम्पो पोलिसांनी पकडला असता तर तारण भरल्याशिवाय सुटला नसता. सणासुदीत भाच्याचा धंदा बसला असता. नुकसानभरपाई कंपनीने नाही, त्याने स्वतः भरली असती. क्लेमच्या टेबलावर जन्म काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं?

काका राहतात अँटॉप हिलला. लिफ्ट आहे, म्हणून गेलो.

"काका, मुदत तुम्हाला माहीत होती."

"मुदत कसली रे? घरातला माणूस घरच्यावर केस करतो काय?" आता ते शुद्ध मराठीत बोलत होते.

"आणि विमा?"

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. भाचा आत चहा पीत बसला होता, तो बाहेर आला. "दादा, तू पण हेल्मेट नीट घातलं असतंस तर..."

"घातलं होतं! आणि मोडलाय गुडघा! हेल्मेट गुडघ्याला बांधतात काय रे?"

"ओरडू नकोस," काका म्हणाले. "देवासमोर तू काय बोललास? बाहेर जाणार नाही म्हणून व्हय म्हाराजा म्हटलंस. आता शब्द मोडणार?"

शब्द! माझा शब्द त्यांनी विम्यासारखा वापरला. त्यांच्या भाच्याला संरक्षण, हप्ता माझा.

मी दावा लावला आहे. वकीलबाई म्हणाल्या, या मुदतीवरूनच वरच्या कोर्टात वाद चालू आहे, सोडू नका. दवाखान्याचा कागद "घसरला" म्हणतो. पोलीस म्हणतात, इतके दिवस कुठे होता. माहीत आहे मला. मी याहून सडक्या तुळयांवर सौदे जिंकले आहेत. फोन करू पाहणारा तो गर्दीतला माणूस पुलाजवळच्या रसाच्या दुकानाचा मालक निघाला. त्याला सगळं आठवतं. साक्ष द्यायला तयार आहे. त्याचं आणि माझं गाव एक नाही.

मंडळाच्या सभेला मी काठी टेकत गेलो. मागे घे, असं सगळे सांगायला लागले. मुलीचं लग्न आहे तुझ्याकडे, भांडी लागतील. मी म्हणालो, भाड्याने आणीन. मग पिशवीतून नारळ काढून फोटोसमोर ठेवला आणि काकांना म्हणालो, "आता तुम्ही गाऱ्हाणं घाला. एवढंच म्हणा, बा देवा म्हाराजा, टेम्पोला विमा नाही आणि मुदत सरते आहे, हे मला माहीत नव्हतं. म्हणा. मी स्वतः व्हय म्हाराजा म्हणतो आणि उद्या केस मागे घेतो."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

तो नारळ अजून तिथेच आहे, कोणी फोडलेला नाही. दर महिन्याला मी जातो, काठी भिंतीला टेकवतो आणि तोच प्रश्न विचारतो. कोर्टाला जे ठरवायचं ते कोर्ट ठरवेल. पण काका, या खोलीतला जाब या खोलीतच द्यायचा आहे. उठा, फोटोसमोर उभे राहा आणि सांगा, तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?