रस्त्यावरून आणलेला कोंबडा

वाळूजची आमची कंपनी बंद झाली तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. सव्वीस वर्षं शिफ्टमध्ये मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला सकाळी नऊ वाजता घरात काय करायचं ते कळत नाही. बायको फुलंब्रीच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती आठच्या बसनं निघून जायची आणि मी ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचो.

आमचं घर हर्सूलच्या पुढं, शहर संपत येतं तिथं आहे. मागं थोडी मोकळी जागा आणि तिथं बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग. एक दिवस मी त्या विटा रचायला लागलो. दुसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "हे काय चाललंय?"

"खुराडं."

"पाळणार कोण?"

"मीच."

ती हसली नाही, याचं मला बरं वाटलं. आमच्या गावाकडं कोंबड्या म्हणजे बायकांचं खातं. माणसानं बैल बघायचे, फार तर म्हैस. सासऱ्यांना कळलं तेव्हा ते फोनवर एवढंच म्हणाले, "बघा, वेळ जातो का."

कोणत्या जातीची घ्यायची यावर मी पंधरा दिवस घातले. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. प्रत्येक व्हिडिओतला माणूस आपलीच जात सगळ्यात चांगली म्हणत होता. एक म्हणे कडकनाथच घ्या, दुसरा म्हणे गिरिराज, तिसरा ऱ्होड आयलंड रेडच्या तांबड्या अंड्यांबद्दल बोलायचा थांबेना. शेवटी शेजारच्या चाचींना विचारलं.

चाची साठीच्या पुढच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलाचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यांच्याकडं दहा-अकरा कोंबड्या होत्या, बोडक्या मानेच्या. मान अशी लाल, उघडी, जणू कुणी पिसं सोलून काढलीत. दिसायला काही देखण्या नव्हत्या. मी कुंपणाशी जाऊन माझी सगळी माहिती त्यांना ऐकवली. त्या कांदा चिरत होत्या.

"भैय्या, अंडी खायची, का कोंबडी खायची, का नुसतं बघत बसायचं? आधी ते ठरवा."

मी विचार केला. "अंडी. आणि बघत बसायचं."

"मग गिरिराज घ्या. अंडी देतील, अंगानं भरतील. पण त्या अंड्यांवर बसायच्या नाहीत. पिल्लं काढायची तर गावरान लागते. माझी एखादी खुडूक झाली की देईन तुम्हाला."

खुडूक म्हणजे अंडी द्यायचं थांबवून ती उबवायला बसलेली कोंबडी. हा शब्द मी आईच्या तोंडी ऐकला होता, पण त्याचा अर्थ मी पन्नाशीनंतर शिकलो.

मी गिरिराजची वीस पिल्लं आणली. पत्र्याच्या डब्यात बल्ब लावला, खाली साळीचं तूस पसरलं. गारठा वाढला की पिल्लं बल्बखाली एकावर एक चढायची, उकडलं की कडेला पांगायची. त्यावरून मी बल्ब वर-खाली करायचो. विकणाऱ्यानं मानमोडीच्या लसीचा पहिला डोस दिला होता. दुसरा मी द्यायचा होता. मानमोडी हा कोंबड्यांचा सगळ्यात वाईट आजार. मान वाकडी होते आणि अख्खा कळप मरून जातो. बायकोनं दोनदा विचारलं, "दुसरा डोस झाला का?" मी म्हणालो, उद्या आणतो. लसीची कुपी शंभर पक्ष्यांची, बर्फात आणावी लागते, फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी एवढं कशाला, असं मला वाटायचं. पिल्लं तर तगडी होती. नर्सचा नवरा असून मी लस टाळली, हे मला आजही सांगायला जड जातं.

सहाव्या महिन्यात पहिलं अंडं मिळालं. लहानसं, फिकट तपकिरी. मी ते चाचींना दाखवायला नेलं. त्यांनी ते हातात तोललं. "पहिलं लहानच असतं," म्हणाल्या. तोवर त्यांच्या कोंबड्या रोज कुंपणाखालून माझ्याकडं यायच्या आणि सांडलेलं खाद्य टिपायच्या. मी हाकलत नव्हतो.

मग वैजापूरला एका लग्नाला गेलो. येताना रस्त्याकडेला एक माणूस डालग्यात असील, म्हणजे झुंजीच्या जातीचा, कोंबडा घेऊन बसला होता. उंच, लांब पायांचा, लाल-काळा, मान ताठ. मला तो आवडला, एवढंच कारण. त्याचा मला काही उपयोग नव्हता. बायको म्हणाली, "आपल्याला कशाला?" मी तो घेतला, पाय बांधून गाडीत मागं ठेवला आणि घरी आल्यावर सरळ कळपात सोडला.

तीन दिवस तो रुबाबात फिरला. चौथ्या दिवशी कोपऱ्यात डोळे मिटून बसला. पंख खाली पडले होते, विष्ठा हिरवट. पाचव्या दिवशी मेला. आठवड्याच्या आत माझ्या कोंबड्या एकेक करून त्याच तऱ्हेनं बसायला लागल्या. एकीची मान मागं वळली आणि ती त्याच जागी गोल गोल फिरत राहिली. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. "आता लस देऊन उपयोग नाही," म्हणाले. "मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका." वीसपैकी तीन उरल्या.

मी खड्डे खणत होतो तेव्हा पलीकडून चाचींचा आवाज आला. त्या मुलाला सांगत होत्या की आपलीही एक कोंबडी तशीच बसली.

त्यांच्या दहा गेल्या. कोंबडाही गेला. एक तलंग तेवढी वाचली, अजून अंड्यावरसुद्धा न आलेली. त्या म्हणाल्या, "हवाच खराब आहे यंदा." गल्लीत सगळे तेच म्हणत होते. दोन दिवस मी ते तसंच चालू दिलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना बायकोनं विचारलं, "चाचींना सांगितलंत?"

"काय सांगू?"

"कोंबडा तुम्ही आणला ते."

मी ताट तसंच ठेवून उठलो आणि गेलो. चाची अंगणात रिकाम्या खुराड्यातली घाण काढत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं की रस्त्यावरून आणलेला कोंबडा आजारी होता, त्याला वेगळं ठेवलं नाही, आणि लसीचा दुसरा डोसही दिला नव्हता. त्यांनी खराटा थांबवला नाही. झाडता झाडताच म्हणाल्या, "ही जात माझ्या अम्मीकडची होती. लग्नात दिली होती मला."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलंच नाही ना कधी."

एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पुढचा महिनाभर त्या कुंपणाकडं आल्या नाहीत. बायको दिसली की तिच्याशी बोलायच्या. मी खुराडं धुतलं, चुना मारला, रिकामं ठेवलं.

एक दिवस त्यांच्या मुलानं दुकानाच्या दारात मला सांगितलं की त्याच्या बहिणीनं लग्नानंतर चाचींच्याच कोंबड्यांतली एक जोडी नेली होती, ती जात तिच्याकडं अजून आहे. बहीण फर्दापूरला राहते. "अम्मीला न्यायला मला वेळ नाही," तो म्हणाला. मला तर वेळच वेळ होता. मी बायकोला विचारायला लावलं. चाचींनी निरोप पाठवला, "सकाळच्या गाडीनं निघू."

जळगावकडं जाणाऱ्या एसटीत आम्ही बसलो. सिल्लोडपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नंतर त्यांनी पिशवीतून पराठे काढले आणि एक माझ्या हातावर ठेवला. "ह्या कोंबड्यांना ऊन कमी लागतं," त्या म्हणाल्या. "मान उघडी असते ना. मे महिन्यात तुमच्या गिरिराज चोच उघडून बसायच्या तेव्हा माझ्या फिरत होत्या. बघितलंत का?"

बघितलं होतं. लक्षात आलं नव्हतं.

लेकीच्या अंगणात सात-आठ बोडक्या मानेच्या कोंबड्या होत्या. चाचींनी कोंबडा निवडायला अर्धा तास घेतला. मी उंच, तुरेवाल्याकडं बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि मध्यम अंगाचा, करड्या पिसांचा एक उचलला. त्याचे डोळे बघितले, चोच उघडून वास घेतला, पायाची खवलं चाचपली, पंख उलटून उवा पाहिल्या. "जो पकडताना जोर लावतो तो घ्यायचा," त्या म्हणाल्या. मी धरला तर तो एवढा जोर लावत होता की माझ्या मनगटावर ओरखडा उठला.

घरी आल्यावर तो कोंबडा एकवीस दिवस त्यांच्या गच्चीवर, बाकी कोंबड्यांपासून लांब राहिला. हे मी न सांगताच त्यांनी केलं. त्या दिवसांत मी थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणली आणि कुपी शंभर पक्ष्यांची असल्यानं गल्लीतल्या सगळ्यांना निरोप दिला. सहा घरांच्या कोंबड्या आल्या. मोठ्या पक्ष्यांना बायकोनं इंजेक्शन दिलं. पिल्लांची लस वेगळी, ती डोळ्यात थेंब थेंब टाकायचं काम माझ्याकडं होतं. चाचींनी पक्षी धरले. आता दर तीन महिन्यांनी आम्ही हे करतो.

माझ्याकडं सध्या चौदा पक्षी आहेत. सहा गिरिराज अंड्यांसाठी, तीन जुन्या आणि तीन नव्या, बाकीची चाचींच्या तलंगेची पिल्लं. नवीन माणूस विचारायला आला, की कोणती जात घेऊ, तर मी त्याला चाचींचा प्रश्न विचारतो आणि मग लसीचं सांगतो. लसीचं सांगायला लागलो की बहुतेकांचं लक्ष उडतं. ते कडकनाथबद्दल विचारतात.

चाची माझ्याशी पूर्वीसारख्या बोलतात. फक्त मी कुठून नवीन पक्षी आणला की त्या कुंपणाशी येऊन विचारतात, "कुठला? किती दिवस झाले?" मी दिवस मोजून सांगतो.