डाव्या हाताची सही

छप्पन्न साली आमचा भाग नागपूरच्या सरकारकडून मुंबईच्या सरकारकडे गेला, त्या सुमारास मी अकोल्यात एका खाजगी डॉक्टरांकडे नर्स होते. नर्सिंग अमरावतीला शिकले होते. डॉक्टर साठीच्या घरातले, एकटे. दवाखाना खाली आणि ते वर राहत. सरकारी नोकरांना तपासण्याची मान्यता त्यांच्याकडे होती. त्यांच्या सहीचं बिल कचेरीत दिलं की नोकराला औषधाचा आणि सुईचा, म्हणजे इंजेक्शनचा, खर्च परत मिळे.

एका उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा आणि डोकं शाबूत राहिलं, पण उजवा हात गेला. पावसाळा सरता सरता ते पुन्हा खुर्चीत येऊन बसू लागले. काम आम्ही वाटून घेतलं. तपासायची नळी पेशंटच्या पाठीवर मी ठेवायची, ऐकायचं त्यांनी. औषध ते सांगत, लिहून मी घेई. सुई आणि पट्टी माझ्याकडे. बिलावर ते डाव्या हातानं कशीबशी सही करत.

त्यांचे एक जुने पेशंट होते, सरकारी उर्दू शाळेतले मास्तर. त्यांना क्षय झाला होता आणि सुया चालू होत्या. एका सकाळी ते बिल घेऊन परत आले. कचेरीनं शेरा मारला होता : सही जुळत नाही.

"बाई, तुमीच करून टाका नं जुनी सही," मास्तर मला हळूच म्हणाले. "तुमाले तर येतच असन. सुई बी तुमीच देऊन राहिल्या. यात खोटं काय हाय?"

ती सही मला येत होती. इतकी वर्षं रोज पाहिलेली. मास्तरांची रजा बिनपगारी होती आणि सुया थांबवून चालणार नव्हतं.

डॉक्टरांनी ऐकलं होतं. "सुई यायनंच देली, मास्तर," ते म्हणाले. "पण ते द्या म्हणून मी सांगतलं. उद्या तुमाले काई झालं तर जाब कोणाले विचारान? यायले?"

मास्तरांनी बिल घडी घालून परत खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर पाटी घेऊन बसू लागले. पेशंट नसला की डाव्या हातानं स्वतःचं नाव गिरवत. अक्षरं वाकडी पडत, पाटी मांडीवरून घसरे. मी धरायला गेले तर "राहू द्या" म्हणत. मला ते बघवत नसे, म्हणून मी सुया उकळायला आत जाई. सही रोज सारखी येऊ लागली तेव्हा आम्ही टांग्यानं जिल्ह्याच्या मुख्य सरकारी डॉक्टरांकडे गेलो. नव्या सहीला दाखला तेच देऊ शकत.

ते आमच्या डॉक्टरांपेक्षा वयानं बरेच लहान होते. "तपासतं कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," डॉक्टर म्हणाले.

"आणि नळी धरतं कोण?"

"या बाई."

मुख्य डॉक्टरांनी वॉर्डातला एक पेशंट बोलावला. मी नळी ठेवली. डॉक्टरांनी रोजच्यासारखं ऐकलं. "डाव्या बाजूले खाली पाणी भरलं आहे," ते म्हणाले. मुख्य डॉक्टरांनी स्वतः ऐकून पाहिलं आणि दाखला लिहायला घेतला. एक अट घातली. सुई नर्सनं दिली असेल तर बिलावर तसं लिहायचं, आणि देताना डॉक्टर समोर हवेत.

मास्तरांचं बिल मंजूर झालं, पण सुई देण्याची फी कापून. नर्सनं दिलेल्या सुईला फी नाही, असं कचेरीचं म्हणणं. मास्तर भांडायला निघाले होते. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं आणि आपली ती फी त्यांना माफ केली.

माझं काम कागदावर आलं त्याच दिवशी ते फुकटचं ठरलं, हे मला लागलं. डॉक्टरांना मी तसं बोलूनही दाखवलं.

"तुमचं म्हणणं बराबर आहे," ते म्हणाले. "पण कचेरीच्या बिलात त्याले रकाना नाही."

मास्तर पुढच्या वर्षी बरे होऊन शाळेत रुजू झाले. डॉक्टर आणखी काही वर्षं खुर्चीत बसले. ते गेल्यावर मी बार्शीटाकळीच्या सरकारी दवाखान्यात लागले. तिथे डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी येत. बाकीचे दिवस समोर डॉक्टर नसताना सुया मीच देत असे.