उतरलेला ईएसआर

नाशिकच्या एका आयसीयूत मी नवा डॉक्टर होतो आणि चांगली बातमी सांगायची मला भारी हौस होती. सुरगाण्याकडची एक तरुण बाई दहा दिवसांचा ताप अंगावर काढून आमच्याकडे आली होती. एका सकाळी तिचा ईएसआर, म्हणजे अंगात दाह किती आहे ते सांगणारी साधी तपासणी, निम्म्याहून खाली आला. मी लगेच बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याला सांगितलं, "रिपोर्ट सुधारलाय." त्याने हात जोडले, हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग राउंडला आमच्या मोठ्या मॅडम आल्या. बुटक्या, चष्मा कपाळावर, आवाज कधीच न चढवणाऱ्या. शाबासकीच्या आशेने मी कागद पुढे केला.

"ताप?"

"एकशे तीन. तसाच आहे."

"प्लेटलेट?"

"कालपेक्षा कमी."

"मग ईएसआर कुठल्या आनंदात उतरला?"

त्यांनी पेशंटच्या डाव्या बरगडीखाली माझी बोटं दाबून वाढलेली प्लीहा मला दाखवली. म्हणाल्या, रक्त गोठवणारं एक प्रथिन ईएसआर चढता ठेवतं. तेच संपत आलं की आकडा उतरतो, दाह मात्र भडकतच असतो. जंतूंवर धावलेली प्रतिकारशक्ती आता हिच्याच अंगावर उलटली होती. अशा भडक्यात रक्तात वाढणारं फेरिटिन तपासायला पाठवलं, ते प्रचंड वाढलेलं निघालं. जंतूंचं औषध चालू ठेवून मॅडमनी स्टेरॉइड सुरू केलं. तापाने फणफणलेल्या बाईची प्रतिकारशक्ती दाबायची, हे धाडस मला सात जन्मांत झालं नसतं.

"नवऱ्याला काय सांगितलंस?"

मी सांगितलं. त्या मला घेऊनच बाहेर गेल्या. त्याला म्हणाल्या, "सकाळी आम्ही चुकीचं सांगितलं. ती जास्त आजारी आहे. पण कशाने, ते आता कळलंय."

"आम्ही" म्हणाल्या, "याने" नाही. त्या शब्दासाठी मी त्यांना आजही मनातून नमस्कार करतो.

चौथ्या दिवशी ताप गेला, प्लेटलेट वाढल्या. मॅडमनी मलाच बाहेर पाठवलं.

"धोका टळला," मी म्हणालो.

तो हसला नाही.

"ह्ये तुमी सांगता, का त्या बाई?"

"बाईंनीच सांगायला पाठवलंय."

तेव्हा कुठे तो भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला.