मोनिका गर्जेच्या बुटांची चौकशी

मोनिका पुंजाराम गर्जे हिच्याविषयी वर्तमानपत्रांत आजवर चार बातम्या आल्या आणि चारही बातम्यांनी तिच्या पकडीचं श्रेय उसाच्या मोळ्यांना देऊन टाकलं. हे खरं नाही. आईवडिलांनी, म्हणजे राहीबाई आणि पुंजाराम यांनी, वीस हंगाम ऊस तोडला. पण पोरीला नवव्या वर्षीच पाथर्डीच्या वसतिगृहात ठेवलं आणि कोयत्याला हात लावू दिला नाही. तिची पकड घडली ती वसतिगृहामागच्या मुरमाड मैदानावर, रोज सकाळी दीड तास पडून आणि खरचटून. कबड्डीत ती उजव्या कोपऱ्याला उभी राहते. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा एकदा तिच्या हातात सापडला, की सुटत नाही.

बारावीला असताना ती राज्य स्पर्धेत चमकली आणि प्रवरेच्या पाण्यावर पोसलेल्या बागायती पट्ट्यातलं एक मोठं कॉलेज तिला न्यायला गाडी घेऊन तिच्या गावी, वडदऱ्याला आलं. संस्थेचे सचिव रामहरीअण्णा स्वतः ओट्यावर बसून चहा प्याले. खोली फुकट, जेवण फुकट, एसटीचा पास फुकट, असं सांगून म्हणाले, “राहीबाई, पोर आता आमची.” या देवाणघेवाणीला कॉलेजात ‘दत्तक योजना’ म्हणतात आणि वार्षिक अहवालात तिला रंगीत पान मिळतं. तिला आमिष म्हणावं, असं कोणाच्याही मनात आलं नाही.

कॉलेजकडे कबड्डीचं मॅट होतं. ते वर्षातून दोनदा उलगडलं जाई : एकदा स्नेहसंमेलनात, पाहुण्यांच्या सोफ्याखाली, एकदा अण्णांच्या वाढदिवसाच्या रक्तदान शिबिराला. मुली मातीवर अनवाणी सराव करत आणि सामना मॅटवर आला की बोटांची सालं सोलून घेत. मॅटवर खेळायला वेगळे बूट लागतात. ते मिळावेत म्हणून क्रीडा संचालक बिभीषण सरांनी तीन वर्षांत तीन अर्ज केले. तिन्हींवर एकच शेरा आहे : ‘निधी उपलब्धतेनुसार’. अक्षरही एकच आहे.

मग गेल्या सप्टेंबरात केडगावचा आदिनाथ शेठ आला. खाजगी कबड्डी लीगसाठी खेडोपाडीचे खेळाडू हेरायचे, त्यांना संघात लावून द्यायचं आणि त्यावर आपलं भागवायचं, हा त्याचा धंदा. अण्णांनी त्याला व्यासपीठावर शेजारी बसवलं, शाल घातली आणि त्याच्या हस्ते चार मुलींना बूट, गुडघ्याच्या पट्ट्या आणि ट्रॅकसूट वाटले. टाळ्या वाजल्या. ऑक्टोबरात त्याच बुटांवर कॉलेजनं आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद पटकावलं आणि मोनिकाची विद्यापीठाच्या संघात निवड झाली.

वडदऱ्याच्या फाट्यावर दहा बाय आठचा फ्लेक्स लागला. तो लावला मोनिकाचा चुलत भाऊ कानिफनाथ यानं. गावच्या तरुण मंडळाचा तो अध्यक्ष, आणि कामाची वेळ आली की एकमेव सभासदही. मधोमध पदक घातलेली मोनिका. भोवती शुभेच्छुक : रामहरीअण्णा, प्राचार्य, बिभीषण सर आणि काळ्या चष्म्यातला आदिनाथ शेठ. जिल्ह्यात रस्ता होवो, बोअरला पाणी लागो की कोणाची पोर जिंको, ते कोणाच्या तरी प्रयत्नातूनच व्हावं लागतं. म्हणून खाली एक ओळही होती.

हरलेल्या कॉलेजनं विद्यापीठाकडे तक्रार केली : विजेत्या खेळाडूंनी दलालाकडून गैरलाभ घेतले. विद्यापीठानं अहवाल मागवला. कॉलेजनं चौकशी समिती नेमली, ती अशी : अध्यक्ष रामहरीअण्णा, सदस्य प्राचार्य, सदस्य-सचिव बिभीषण सर. बूट घेतलेल्या चौघींपैकी एक अण्णांची भाची, दुसरी संस्थेच्या एका संचालकाची मुलगी, तिसरीच्या वडिलांचा संस्थेत वट. तिघींनी एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र दिलं : ‘बूट न वापरता परत करीत आहे.’ टाचा झिजलेले ते तीन जोड बिभीषण सरांनी पोच देऊन स्वीकारले.

उरली मोनिका. शुक्रवारी विद्यापीठाचा संघ अखिल भारतीय स्पर्धेला निघणार होता. तिचं हे शेवटचं वर्ष. कॉलेजच्या परवानगीच्या पत्राशिवाय तिला गाडीत घेणार नव्हते, आणि पुन्हा ही गाडी येणार नव्हती.

सोमवारी प्राचार्यांच्या दालनात सुनावणी झाली. अण्णांनी टेबलावरून एक छापील फोटो पुढे सरकवला. त्यात फक्त मोनिका आणि काळा चष्मा.

“ए पोरी, हा कोण?”

“आदिनाथ शेठ.”

“तुझी ओळख कशी?”

“तुम्हीच करून दिली, अण्णा. स्टेजवर.”

प्राचार्यांना आपल्या पेनात काहीतरी तातडीचं दिसलं.

“उलट बोलू नको. बूट घेतले का नाही?”

“घेतले. चौघींनी घेतले. बिभीषण सर होते की तिथं. सर, सांगा ना.”

बिभीषण सर वर पंख्याकडे बघत राहिले. डिसेंबर होता, पंखा बंद होता.

“बाकीच्यांनी परत केले, तसं लेखी आहे,” अण्णा म्हणाले. “तुझं काय?”

“हा फोटो कापलेला आहे. आख्ख्या फ्लेक्सवर तुम्ही सगळे आहात. खाली ओळ पण आहे.”

“कसली ओळ? मूळ फ्लेक्स आणून दाखव. बुधवारपर्यंत. ही चौकशी आहे, चावडी नाही. तोंडी काही चालणार नाही.”

अण्णा हे निर्धास्तपणे बोलले. ज्याचा फ्लेक्स दर महिन्याला नवा लागतो, त्याला जुन्याचं पुढे काय होतं ते ठाऊक नसतं. या जिल्ह्यात कोणताच फ्लेक्स वाया जात नाही. कांद्यावर जातो, गोठ्यावर जातो, टेम्पोच्या टपावर जातो.

मोनिकानं कानिफनाथला फोन लावला.

“फाट्यावर कुठला आता? कारखान्याला जाताना चुलतीनं उतरून न्हेला. म्हनली, येवढा टिकाऊ माल वाऱ्यावर कशाला ठिवायचा.”

“मग छापणाऱ्याकडे असेल ना?”

“त्यो दर आठवड्याला समदं पुसून टाकतो. आन ऐक, त्या ओळीत माझं काय न्हाई बरं. अण्णांच्या हापिसातनं फोन आल्ता. ‘अथक’ लिवायचं इसरू नको, आसं दोनदा बजावलं.”

मंगळवारी दुपारी ती कारखान्याच्या आवारात पोचली. तोडणी मजुरांच्या कोप्या, म्हणजे बांबू आणि पाचटाच्या झोपड्या, रांगेनं उभ्या होत्या. राहीबाई नुकतीच फडातून आली होती. पाचटानं चिरलेल्या हातांवर पाणी घेत होती.

“आये, कोपीवरचा फ्लेक्स काढायचाय.”

“का गं? त्यानं काय घोडं मारलं?”

“कॉलेजात दाखवायचाय. त्यावर कोण कोण आहे ते.”

“मंग आत ये आन बघ की. समदे हितंच हायेत.”

आत गेल्यावर मोनिकाला सगळे भेटले. राहीबाईनं फ्लेक्स चित्राची बाजू आत करून बांधला होता. अंथरुणाच्या वर पदक घातलेली मोनिका. पिठाच्या डब्यावर प्राचार्य. बिभीषण सर दाराशी. अण्णा चुलीवर, भुवयांपर्यंत काजळलेले. आदिनाथ शेठच्या जागी मात्र एक गोल भोक होतं आणि त्यातून निळसर धूर बाहेर जात होता.

“इथं एकजण होता.”

“त्यो काळ्या चष्म्याचा? लई चमकत हुतं त्वांड. धुराडं कुठंतरी पाडायचंच हुतं. मंग काय तुझ्या तोंडावर पाडू?”

आठवड्यात पहिल्यांदा मोनिका हसली. मग गुडघ्यावर बसून तिनं कुडाच्या बुडाचा चिखल नखांनी खरवडला. फ्लेक्सची खालची पट्टी तिथे दुमडून गाडलेली होती. ओळ शाबूत होती.

राहीबाईनं सुतळ्या सोडल्या, पण घडी हातात देताना सोडेना. “आन रातच्या थंडीला आमी काय करावं?”

“आज शेजारी झोपा. उद्या दिवस मावळायच्या आत परत आणते.”

“त्यांच्यापाशी ठिवून येऊ नगं. कागद घ्यायची लई हौस असती त्या लोकांला. माघारी कोन देत न्हाई.”

बुधवारी तो फ्लेक्स प्राचार्यांच्या टेबलावर मावला नाही. मोनिकानं तो गालिच्यावर पसरला. दालनात धुराचा वास भरला, चिखलाची ढेपळं सुटून पडली. बिभीषण सरांचा बूट फ्लेक्सवरच्या स्वतःच्याच छातीवर पडला होता; ते दचकून बाजूला झाले.

अण्णांनी निरखून पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं. “यात तर तो माणूसच नाही. नुसतं भोक आहे.”

“चेहरा नाही, नाव आहे. खालची ओळ वाचा, अण्णा.”

कोणीच वाचेना. तेव्हा मैदानावरचा निवेदक वाचतो तशा खणखणीत आवाजात तिनंच वाचलं : “आदरणीय रामहरीअण्णा यांच्या अथक प्रयत्नांतून आमच्या भगिनींना मॅटचे बूट व संपूर्ण किट उपलब्ध. सौजन्य : आदिनाथ शेठ, केडगाव.”

“फलक जीर्ण आहे,” प्राचार्य घसा साफ करत म्हणाले. “वाचनीयतेचा प्रश्न...”

“मी वाचला ना आत्ता, सर. विद्यापीठात पण वाचून दाखवीन.”

अण्णांनी वाकून स्वतःच्या काजळलेल्या चेहऱ्यावर बोट फिरवलं आणि ते रुमालाला पुसलं. मग म्हणाले, “बसा ना तुम्ही. सर, खुर्ची द्या त्यांना.”

अडीच वर्षांत अण्णांनी तिला ‘तुम्ही’ म्हटल्याची ही पहिली नोंद.

पुढचं काम वीस मिनिटांत आटोपलं. समितीनं एकमतानं लिहिलं की, सदर साहित्य संस्थेच्याच माध्यमातून प्राप्त झाले असल्याने गैरलाभाचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणजे गुन्हा होता तोवर तो मोनिकाचा होता. उपकार ठरताच तो पुन्हा अण्णांचा झाला. आता ‘न वापरता परत’ ही तीन पत्रं अडचणीची झाली होती. त्या फाइलीत आज अकराव्या पानानंतर पंधरावं पान आहे.

“हा फ्लेक्स राहू द्या इथंच,” अण्णा म्हणाले. “फाइलला लागेल.”

“कोपीला लागतो, अण्णा. परवानगीचं पत्र द्या.”

पत्र मिळालं. सोमवारी सुनावणीनंतर काढून घेतलेले तिचे बूट कपाटातल्या पिशवीत ‘मुद्देमाल’ अशी चिठ्ठी लावून ठेवले होते. बिभीषण सरांनी ते तिच्या हाती देताना आवाज खाली आणला. “मला पहिल्यापासून माहीत होतं गं, तुझंच खरं आहे.”

“मग सोमवारी पंख्याला कशाला सांगत होता, सर?”

दिवस मावळायच्या आत ती कारखान्यावर होती. राहीबाई कोपीच्या उघड्या बांबूंखाली वाट बघत उभी होती. तिनं आधी फ्लेक्स चारी कोपऱ्यांनी तपासला, मग पत्राबद्दल विचारलं. दोघी सुतळ्या बांधत असताना कानिफनाथचा फोन आला. नवा फ्लेक्स करायला टाकला होता. अण्णांच्या हापिसातून मजकूरही आला होता : ‘यांच्या खंबीर पाठिंब्यामुळे’.

“कर म्हनावं,” राहीबाई खालून ओरडली. “पर मोठा कर. वाऱ्याकडची बाजू उघडी हाय.”

मग तिनं काजळलेला कोपरा वर धरला. “ह्यो कुठं घिऊ?”

“होता तिथंच. चुलीवर.”

मोनिकानं शेवटची गाठ आवळली, ओढून पाहिली आणि बुटांची पिशवी उचलून शेवटची एसटी गाठायला कारखान्याच्या फाट्याकडे निघाली.